ह्यात पाणी किती

माझे सासरे चहाचा कप हातात घेतला की आधी तो तिरका करतात. चहा कपाच्या कडेनं कसा ओघळतो ते बघतात, कप नाकाजवळ नेतात आणि मग विचारतात, "ह्यात पाणी किती?"

चहा मी केलेला असो, शेजारणीनं केलेला असो, नाहीतर लग्नाच्या मांडवात व्याह्यांनी पुढं केलेला असो, प्रश्न चुकत नाही. नवीन माणूस गोंधळतो. एकदा माझी मैत्रीण आली होती. तिला वाटलं, चहा बिघडला. बिचारी माझ्या वतीनं माफी मागायला लागली. मी तिला म्हटलं, "अगं, उत्तर द्यायचं नसतं. त्यांनी विचारायचं आणि आपण बिस्किटं पुढं करायची."

मी त्यांना मामा म्हणते. बाकीचं जग त्यांना टेस्टर म्हणतं. मुरगूडच्या अलीकडं एक गाव आहे. तिथल्या दूध संस्थेत त्यांनी उभी हयात दूध तपासलं. लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे आणि मामा प्रत्येक किटलीतल्या दुधात डिग्री बुडवायचे. डिग्री म्हणजे दुधात पाणी घातलंय का ते दाखवणारी काचेची नळी. पाणी निघालं की किटली परत. सरपंचाची किटली परत गेली आहे, सख्ख्या भावाची गेली आहे, आणि एकदा तर स्वतःच्या घरचीही गेली आहे. त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना जेवणाच्या ताटात नुसतं पाणी वाढलं, असं गावात सांगतात. मामांना विचारलं तर म्हणतात, "ह्यात थोडं पाणी हाय. भाकरी बी वाढलती."

नोकरी संपली, डिग्री संस्थेतच राहिली, प्रश्न तेवढा त्यांच्याबरोबर आला. सासूबाई गेल्यावर ते कोल्हापुरात आमच्याकडं राहायला आले. कळंबा रोडला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. तेव्हापासून त्या फ्लॅटमध्ये आणि आजूबाजूला जे काही बोललं जातं, ते सगळं तपासून घेतलं जातं.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याची शोकसभा होती. वक्ते सांगत होते की दिवंगत नेते स्वतः उपाशी राहून गरिबांना जेवू घालायचे. दुसऱ्या रांगेतले मामा शेजारच्या माणसाला म्हणाले, "लई पाणी घातलंय." ते हळूच म्हणाले होते, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या मांडवानं ऐकलं. गेलेल्या माणसाचा मुलगा व्यासपीठावर होता, त्यानं रुमाल तोंडाला लावला. तो रडत होता की हसत होता, हे अजून ठरलेलं नाही.

एकदा मामांचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "आजोबा, काळजीचं काही कारण नाही."

"ह्यात पाणी किती, डाक्टर?"

डॉक्टरांनी रिपोर्ट परत उचलला, परत वाचला आणि म्हणाले, "थोडं आहे. गोड बंद करा."

मला बघायला ते मलकापूरला आमच्या घरी आले होते, तेव्हाची गोष्ट तर माझ्या माहेरी अजून सांगतात. माझे वडील माझं कौतुक करत होते. मुलगी स्वयंपाकात हुशार, शिवण येतं, भरतकाम येतं, स्वभाव गाईसारखा. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ माझ्याकडं वळले. "बाळ, तुझे वडील बोलाय लागल्यात, त्यात पाणी किती?"

वडिलांचा चेहरा लाल झाला. मी म्हटलं, "स्वयंपाकात बरंच आहे. शिवण तर सगळं पाणीच. स्वभावाचं तुम्ही वापरून बघा. बी.कॉम.ची डिग्री मात्र निव्वळ आहे."

"डिग्री हाय म्हणल्यावर बास की," मामा म्हणाले आणि त्यांनी तिथंच सुपारी फोडायला लावली.

ती डिग्री पुढं बरीच वर्षं कपाटात होती. लग्न, मुलगी, तिची शाळा. मुलगी दिवसभर शाळेत जायला लागली तेव्हा मी कामाच्या शोधाला लागले. पुण्याच्या एका कंपनीनं घरी बसून हिशोबाच्या नोंदी करायचं काम देऊ केलं. पहिला महिना परीक्षेचा. पसंत पडलं तर पुढं कायम. अट एकच होती, लॅपटॉप स्वतःचा पाहिजे.

नवरा शिरोलीला फौंड्रीत आहे. तो म्हणाला, "हप्त्यावर नवा घेऊ." मी म्हटलं, नोकरीच पक्की नाही तर हप्ते कुणी भरायचे? माझे भिशीचे पैसे होते. त्यात नवा येत नव्हता, जुना येऊ शकत होता.

मामा पेपर वाचत होते. पेपराच्या मागूनच म्हणाले, "जुनं घ्यायचं आसंल तर मी येतो."

"मामा, लॅपटॉपमधलं तुम्हाला काय कळतं?"

"त्यातलं काय बी कळत न्हाय. इकणाऱ्यातलं कळतंय."

राजारामपुरीतल्या एका गल्लीत जुन्या लॅपटॉपचं दुकान होतं. मी काही अगदीच कोरी गेले नव्हते. आठवडाभर व्हिडिओ बघून बघून काय तपासायचं ते पाठ केलं होतं. दुकानदारानं एक चकचकीत लॅपटॉप पुढं ठेवला. "एका साहेबांचा आहे, वहिनी. नुसते मेल बघायचे त्याच्यावर." मी सगळी बटणं दाबून बघितली, कॅमेरा लावून स्वतःचं तोंड बघितलं, प्रत्येक खाचेत पेनड्राईव्ह घालून बघितला, झाकण दहा वेळा उघडलं आणि मिटलं. सगळं ठीक होतं. किंमत तर माझ्या अंदाजापेक्षा खाली होती. मनातल्या मनात मी तो घरी नेऊन टेबलावर मांडलासुद्धा.

मग मामांनी तो दोन्ही हातांनी उचलला. वजन घेतलं. नाकाजवळ नेऊन वास घेतला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघायला थांबली. मामांनी लॅपटॉप खाली ठेवला आणि दुकानदाराच्या डोळ्यांत बघत विचारलं, "पावणं, ह्यात पाणी किती?"

दुकानदाराचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं गिऱ्हाइकांकडं बघितलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामा तसेच त्याच्याकडं बघत राहिले. टेस्टर असल्या वेळी बोलत नाही, समोरच्याला बोलू देतो.

"काका, पुरात एका ऑफिसात तळमजल्यावर होता तो. पण आम्ही सगळा खोलून वाळवलाय. आतला बोर्ड धुऊन घेतलाय. सहा महिने तरी काही होत नाही."

"आन्‌ सातव्या महिन्यात?"

दुकानदार दुसरा लॅपटॉप दाखवायला लागला, पण आम्ही उठलो. मी भारावून गेले होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मामा थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "अश्विनी, लॅपटॉपमधी खरंच पाणी जातंय व्हय?"

"मग तुम्ही विचारलं कशाला?"

"मी कुठं न्हाय इचारत?"

मला रस्त्यात उभं राहून हसावं लागलं. पण संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आमच्या अपार्टमेंटच्या तिन्ही मजल्यांवर गेली आणि वर जाता जाता बदलत गेली. तिसऱ्या मजल्यावर मामांनी लांबूनच, नुसत्या वासावर, पुराचं पाणी ओळखलं होतं. पंचगंगेचंच, हेसुद्धा. मी त्यांना गाठून विचारलं, "मामा, ह्यात पाणी किती?"

"निम्मं हाय," ते लगेच म्हणाले. "पर गोष्ट दाट झाली की."

दोन दिवसांनी मला मोबाईलवर एक जाहिरात दिसली. मुरगूडमध्ये इरफान नावाच्या एका तरुणाचा कॉम्प्युटरचा क्लास होता. त्याला सांगलीत नोकरी लागली म्हणून तो क्लास बंद करून सामान विकत होता. एक लॅपटॉप उरला होता. आम्ही एसटीनं निघालो. मामांच्या गावाच्या फाट्यावर एक म्हातारा गाडीत चढला. मामांना बघून त्यानं मान हलवली आणि शेजारची जागा रिकामी असून मागं जाऊन बसला.

"ओळखीचे?" मी विचारलं.

"व्हय. लई येळा किटली परत पाठवलती त्याची." मामा खिडकीबाहेर बघायला लागले. "गावात सगळीच वळखीची हायती."

इरफानच्या क्लासमध्ये नुसती टेबलं उरली होती. आम्ही आत गेलो, मामांनी "हाय का कोण?" म्हणून हाक मारली आणि आतून एक तिशीतला माणूस धावत आला. मामांकडं बघत राहिला. "टेस्टरकाका की तुम्ही. मी आवाजावरनंच ओळखलं. आम्ही आधी तुमच्याच गावात होतो. आमच्या आब्बांची किटली परत पाठवली होती तुम्ही. मीच घेऊन आलो होतो. लहान होतो, रडत घरी गेलो."

मामा ताठ झाले. "पाणी आसंल त्यात."

"होतं की," इरफान म्हणाला. "मीच घातलं होतं. वाटेत पडलो, निम्मं दूध सांडलं, मग हापशावर किटली भरून घेतली. आब्बांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. ते अजून तुम्हालाच नावं ठेवतात."

मामा इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या दुकानातला शिंपी डोकावून गेला.

मग इरफाननं लॅपटॉप पुढं ठेवला आणि कुणी काही विचारायच्या आधी सांगायला लागला. "ताई, बॅटरी एक तासाच्या वर चालत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ठिपका आहे, बघा, हा. सातचं बटण कधीकधी दोनदा दाबावं लागतं. झाकणाची डावी बिजागरी ढिली आहे, एका हातानं उघडू नका. बाकी काही नाही. मेमरी मी मागच्या वर्षी वाढवली, त्याची पावती देतो."

मी तपासलं. त्यानं सांगितलं तेवढंच निघालं. मामा गप्प बसून ऐकत होते. त्यांनी प्रश्न विचारला नाही. त्यांना असं बघायची मला सवय नव्हती, म्हणून मीच म्हटलं, "मामा, काय करायचं?"

"घे," ते म्हणाले. "सातचा आकडा जरा कमी वापर."

मी माझ्याकडं किती आहेत ते सांगितलं, इरफाननं थोडी घासाघीस करून तेवढ्यात दिला आणि वर बॅग फुकट दिली. परत येताना मामांनी ती बॅग मांडीवर घेतली आणि धूळ जायला नको म्हणून खिडकी लावून घेतली. उकाड्यानं पुढच्या सीटवरची बाई चिडली. मामांनी तिला सांगितलं, "आमच्या सुनंची नोकरी हाय ह्यात." मग तिनं पदरानंच वारा घ्यायला सुरुवात केली.

काम सुरू झालं. रोज सकाळी पुण्याच्या मॅडम लॅपटॉपवर दिसायच्या, दिवसाचं काम सांगायच्या, मध्येच एखादा क्लायंट जोडला जायचा. पहिल्याच सकाळी मी हेडफोन कानाला लावून बसले आणि दारात भाजीवाला आला. मामांनी मेथीची जुडी हातात घेतली, झटकली आणि त्याला विचारलं की मेथी किती आणि तिच्यावर मारलेलं पाणी किती. भाजीवाला आमचा जुना आहे, तो काही कमी नाही. दोघांचं जोरात सुरू झालं.

मॅडम थांबल्या. "अश्विनी, मागे कुणी भांडतंय का?"

"नाही मॅडम, भाजी घेताहेत."

"आपल्या कॉलवर क्लायंट असतात. घरी असलात तरी ऑफिससारखी शांतता हवी. बघा काहीतरी. हा महिना त्यासाठीच असतो."

त्यांचा आवाज लॅपटॉपमधून खोलीभर येत होता, कारण माझ्या हेडफोनची पिन नीट बसलीच नव्हती. मामा मेथीची जुडी घेऊन दारातच उभे होते. ती तशीच घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी कॉल सुरू व्हायच्या आधी त्यांनी टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली, फडक्यात भाकरी बांधून घेतली आणि म्हणाले, "जाऊन येतो. कामं हायती."

"कसली कामं?"

"हायती की."

ते संध्याकाळीच आले. मग रोजच जायला लागले. रात्री जेवताना सांगायचे, आज बिंदू चौकात जुना एक दोस्त भेटला, आज मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघितले, आज कोर्टात जाऊन एक केस ऐकली. नवरा म्हणाला, बरं झालं, त्यांचा वेळ जातोय. मलाही तसंच वाटलं. घर शांत झालं होतं, माझ्या नोंदी बिनचूक जात होत्या आणि मॅडम दोनदा "गुड" म्हणाल्या होत्या.

एका दुपारी आमच्या भागातली वीज गेली. इरफाननं सांगितल्याप्रमाणे बॅटरी तासभर चालली आणि बंद पडली. रिपोर्ट त्याच दिवशी जायचा होता. मेन रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात इन्व्हर्टर आहे, म्हणून मी लॅपटॉप बॅगेत घालून तिकडं निघाले. वाटेत बसथांबा आहे. तिथल्या बाकाच्या टोकाला मामा बसले होते.

हाक मारणार एवढ्यात बस आली. थांब्यावरचे सगळे चढले, बस गेली, मामा तिथंच राहिले. मी रस्त्याच्या अलीकडं थांबले. आणखी एक बस आली आणि गेली. नवीन माणसं येऊन उभी राहिली. मामा कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. हात मांडीवर ठेवून, समोर बघत बसून होते. त्यांना जागेपणी एवढा वेळ गप्प बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मी जाऊन शेजारी बसले. "मामा, कुठं निघालाय?"

ते दचकले. "आता येईल की बस."

"कुठली?"

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. "कुठली बी."

फडक्यातली भाकरी तशीच होती. मी तिच्याकडं बघितलेलं त्यांनी बघितलं. मग तेच बोलायला लागले.

"घरात बसलो की बोलणं व्हतंय, बाळ. मला हळू बोलाय येत न्हाय. संस्थेत यंत्राची घरघर आसायची, वरडून वरडून गळा तसाच झाला. मी करून बघितलं की. न्हाणीत जाऊन, दार लावून, हळू बोलून बघितलं. वरच्या मजल्यावरनं मला ओ दिली."

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"तुझी सासू दवाखान्यात हुती, तवा नर्सबाई म्हणली, आजोबा, हळू बोला, न्हाईतर भाईर बसा. मी भाईर बसलो. म्हणलं, तिला झोप तरी लागंल. काय बोलायचं हाय ते घरी आल्यावर बोलू." त्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "ती काय घरी आली न्हाय."

हे आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नसावं.

"आता तुझी नोकरी माझ्यापायी जायला नको. लई वर्सांनी डिग्री भाईर काढलीस. मी हितं बसतो, हितं काय वाईट न्हाय. वारं येतंय."

वारं अजिबात नव्हतं. झाडाचं पान हलत नव्हतं. समोर आणखी एक बस येऊन थांबली, कंडक्टरनं आमच्याकडं बघितलं. मी नको म्हणून मान हलवली तशी बस गेली.

मी लॅपटॉपची बॅग त्यांच्या हातात दिली. "ही धरा. आधी झेरॉक्सवाल्याकडं जाऊन रिपोर्ट पाठवू, मग घरी जाऊ. आणि उद्यापासून घरातनं हलायचं नाही."

"आन्‌ तुझी म्याडम?"

"तिचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम लॅपटॉपवर आल्या. मी नमस्कार केला आणि म्हटलं, "मॅडम, एक आधी सांगते. घरात माझे सासरे आहेत. ते मोठ्यानं बोलतात आणि ते घरातच राहणार आहेत. कॉलवर क्लायंट असतील तेव्हा मी माझा माईक बंद ठेवीन. माझ्या कामात चूक निघाली तर मला बोला. त्यांच्या आवाजाबद्दल मी त्यांना काही सांगणार नाही."

मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं. पण मी बोलून बसले होते आणि परत घ्यायची माझी इच्छा नव्हती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बँकेच्या नोंदी उघडा."

मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी नोंदी उघडायला लागले तर ते पाय न वाजवता माझ्याजवळ आले, वाकले, आणि त्यांचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. मी त्यांच्याकडं बघितलं. परत ओठ हलले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना हळू बोलायला जमलं होतं आणि त्यातलं मला अक्षर कळत नव्हतं.

"मामा, मोठ्यानं बोला."

"तुझ्या तोंडावर ऊन येतंय, पडदा वढू काय म्हणतोय," मामा म्हणाले. खालच्या मजल्यावरही ते कळलं असणार.

"ओढा म्हणावं त्यांना," पुण्याहून मॅडम म्हणाल्या. "मलाही मघापासून तुमचा चेहरा दिसत नाहीये."

मामांनी पडदा ओढला. मग खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसले आणि मॅडमना विचारलं, "पुण्यात बी ऊन हाय का, बाई?"